चव्हाट्यावरचा खांब

'चव्हाट्यावर आणणें' हा आपल्या भाषेंतील एक जुना वाक्प्रचार आहे. चार वाटा जेथें मिळतात तो चव्हाटा. आणि जेथें चार वाटा मिळतात तेथें चार माणसें मिळतात, चार तोंडें बोलतात, व घरांतली गोष्ट गांवची होते. दवंडी, होळी, बाजार, गांवकीचा वाद, हीं सारीं चव्हाट्यावरचीं. रस्ता हा जाण्यासाठीं असला तरी चव्हाटा हा थांबण्यासाठीं होता. गेल्या दीडशें वर्षांत मात्र या व्यवस्थेचा उलटा फेर झाला. चव्हाट्याचा चौक झाला. तेथें उभें राहणें धोक्याचें ठरलें. आणि ज्या जागीं पूर्वीं इतर वाद सुटत, त्या जागेविषयींच वाद उत्पन्न झाला. येथें कोणीं थांबावें, कोणीं पुढें जावें, आणि हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा ?

वाद दिसावयास क्षुल्लक आहे. एक पाटी, एक दिवा, फार तर पांढऱ्या रंगाचे चार पट्टे, एवढाच त्याचा विषय. परंतु आपल्या घराच्या कोपऱ्यावरून ज्यांचीं मुलें रोज शाळेस जातात त्यांस विचारलें, तर तहाच्या वाटाघाटींपेक्षां हा विषय त्यांस अधिक जवळचा वाटेल. या वादांत एका बाजूस आळींतले रहिवासी असतात व दुसऱ्या बाजूस कचेरींतले अधिकारी. आणि दोघांच्याही तोंडीं शब्द एकच असतो : सुरक्षितता. मग वाद कशाचा ? तो उलगडावा या हेतूनें चौकांतल्या खांबाचा थोडासा इतिहास येथें पाहण्याचें योजिलें आहे.

या कथेचा आरंभ मोटारीच्या जन्मापूर्वींच होतो, हें पुष्कळांस नवलाचें वाटेल. लंडन शहरांत १८६० नंतरच्या दशकांत घोड्यांच्या बग्ग्या, उतारूंचे ऑम्निबस आणि मालाचे छकडे यांची इतकी गर्दी झाली होती कीं, पार्लमेंटच्या सभासदांस सभागृहापर्यंत पायीं पोंचणें कठीण पडूं लागलें. जॉन पीक नाइट या रेल्वेच्या अधिकाऱ्यास एक कल्पना सुचली. आगगाड्या जर हात वर-खालीं होणाऱ्या खांबाच्या खुणेनें थांबतात, तर घोडेगाड्यांनीं कां थांबूं नये ? त्याच्या सूचनेवरून १८६८ च्या डिसेंबरांत वेस्टमिन्स्टर येथें, ग्रेट जॉर्ज स्ट्रीट व ब्रिज स्ट्रीट यांच्या नाक्यावर, वीस फुटांहून उंच असा एक लोखंडी खांब उभा राहिला. रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या सॅक्स्बी आणि फार्मर यांच्या कारखान्यानेंच तो बनविला होता. खांबाचे हात आडवे पसरले कीं गाड्यांनीं थांबावें, ते खालीं कलले कीं सावधपणें पुढें जावें. आणि रात्रीं हेंच काम लाल व हिरव्या कांचेच्या गॅसच्या दिव्यांनीं करावें, अशी योजना होती. खांबाशीं एक पोलिस शिपाई उभा राहून ते हात व दिवे फिरवीत असे.

हा खांब पुरता महिनाभरही नीट टिकला नाहीं. १८६९ च्या जानेवारीच्या २ तारखेस गॅस गळून त्याचा स्फोट झाला आणि तेथें असलेला शिपाई जबर भाजला. पुढें लवकरच खांब काढून टाकण्यांत आला, आणि त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लंडनच्या रस्त्यावर तसा दिवा दिसला नाहीं. १९२६ सालीं पिकॅडिली येथें पोलिसांच्या हातांनीं चालणारे रंगीत दिवे आले तेव्हां कोठें ती परंपरा पुनः सुरू झाली. गॅसच्या गळतीचा दोष अर्थात् लोकांवर लादतां येणार नाहीं. तथापि या पहिल्या खांबाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तो सभासदांच्या सोयीकरितां सुचविला गेला, पोलिस कमिशनरांच्या हुकुमानें उभा राहिला आणि त्याचा अर्थ काय हें लोकांस जाहीर सूचनेनें कळविण्यांत आलें. अर्थ सांगणारे वर होते, पाळणारे खालीं होते.

मोटार आल्यावर प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. घोडा समोर माणूस दिसतांच स्वतः बुजतो. यंत्रास डोळे नसतात. अमेरिकेंतील शहरांनीं हा अनुभव सर्वांआधीं आणि सर्वांत कडू घेतला. क्लीव्हलंड शहरीं १९१४ च्या ऑगस्टमध्यें विजेचे रहदारीचे दिवे लागले. डेट्रॉइट येथें १९१५ सालीं 'थांबा' अशी पाटी आली. परंतु प्रत्येक शहराची पाटी निराळी, आकार निराळा, रंग निराळा. एका गांवची खूण दुसऱ्या गांवच्या गाडीवानास परभाषेसारखी. तेव्हां १९२३ सालीं मिसिसिपी खोऱ्यांतील राज्यांच्या रस्तेखात्यांनीं एक मोठी चतुर तोड काढली. धोका जितका मोठा तितके पाटीस कोपरे अधिक. रेल्वे फाटकास पूर्ण वर्तुळ, कारण वर्तुळास कोपरे अगणित; थांबण्याच्या पाटीस आठ कोन; साध्या इशाऱ्यास चार. रात्रीच्या अंधुक उजेडांत अक्षरें वाचतां आलीं नाहींत तरी आकार ओळखतां यावा, हा त्यांतला हेतु. ही अष्टकोनी पाटी पुढें जगभर गेली. मौज अशी कीं, प्रथम ती पिंवळी होती. न विटणारा लाल रंग सांपडल्यावर १९५४ सालीं तिला लाल रंग मिळाला.

पाटीची भाषा अशी ठरत असतांना लोकांचें काय म्हणणें होतें ? तें सिनसिनाटी शहरानें १९२३ सालीं सांगून पाहिलें. मोटारी ताशीं २५ मैलांपलीकडे धांवूंच नयेत असें यंत्र प्रत्येक मोटारींत बसवावें, अशी मागणी तेथील बेचाळीस हजार नागरिकांनीं सह्या करून केली. प्रश्न मतदानास गेला. मोटारीच्या धंद्यांतील मंडळींनीं त्याविरुद्ध जोराची मोहीम उभारली, आणि सूचना पडली. त्याच सुमारास रस्ता वाटेल तेथें ओलांडणाऱ्यास चिडविण्याचा एक नवा शब्द अमेरिकन इंग्रजींत रूढ करण्यांत आला. त्याचा भाव आपल्या 'गांवढळ' या शब्दासारखा आहे. शेंकडों वर्षें जो रस्ता चालणाऱ्याचा होता, त्या रस्त्यावर चालणारा आतां अडाणी ठरला. कायदा येण्यापूर्वीं शब्द येतो व शब्दच अर्धें काम करून जातो, हें यावरून शिकण्यासारखें आहे.

सिनसिनाटीचे नागरिक सह्या करून हरले. दगड मारून जिंकलेल्या एका मोहल्ल्याची हकीगत याच्या जोडीला ठेवण्यासारखी आहे. न्यूयॉर्क राज्यांतील सिरॅक्यूज शहरांत टिपरेरी हिल नांवाची आयरिश लोकांची वस्ती आहे. तेथें टॉम्पकिन्स स्ट्रीट व मिल्टन अव्हेन्यू यांच्या चौकांत १९२५ सालीं शहराच्या अधिकाऱ्यांनीं दिवा लावला. सर्वत्र असतो तसा लाल वर व हिरवा खालीं. आयर्लंडमधील इंग्रजी सत्तेशीं झालेला झगडा तेव्हां अगदीं ताजा होता. आयरिश फ्री स्टेट स्थापन होऊन सुमारें तीनच वर्षें झालीं होतीं. इंग्रजांचा लाल आमच्या आयर्लंडच्या हिरव्याच्या डोक्यावर काय म्हणून, असें म्हणून आळींतल्या पोरांनीं दगड मारून लाल कांच फोडली. नवी बसविली, तीही फोडली. वस्तीचे लोकनियुक्त सभासद जॉन रायन यांनीं खटपट करून हिरवा वर करून घेतला. तेव्हां राज्याच्या अधिकाऱ्यांनीं आक्षेप घेऊन पुनः लाल वर नेला. आणि पुनः दगड सुरू झाले. अखेरीस १९२८ च्या मार्चच्या १७ तारखेस, म्हणजे आयरिशांच्या सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशीं, रहिवाशांनीं अधिकाऱ्याची भेट घेतली आणि हिरव्याला वरची जागा मिळाली, असें तेथें सांगतात. ती आजही आहे. दगड मारणाऱ्या पोरांचें स्मारकसुद्धां त्या चौकांत १९९७ सालीं उभें राहिलें.

अधिकाऱ्यांचा पक्ष येथें पोकळ नव्हता. ज्यास लाल व हिरवा यांतील भेद डोळ्यांनीं कळत नाहीं, तो गाडीवान दिव्याच्या जागेवरूनच खूण ओळखतो. त्यासाठीं क्रम सर्वत्र एकच असणें इष्ट आहे. परंतु शहाणपण खरें असलें तरी फुटलेली कांच कोणासच थांबवूं शकत नाहीं. ज्या आळींत दिवा लावावयाचा ती आळी त्याला आपला मानीत नसेल, तर नियमाप्रमाणें बरोबर असलेला दिवाही रात्रींतून आंधळा होतो. परकी सत्तेच्या खुणा ज्यांच्या रस्त्यांवर दीडशें वर्षें उभ्या होत्या, त्या आपल्या लोकांस ही गोष्ट फार समजावून सांगावयास नको.

इंग्लंडमध्यें हाच धडा निराळ्या रीतीनें शिकावा लागला. १९३० च्या कायद्यानें तेथें मोटारीची वेगमर्यादा उठविण्यांत आली. १९३४ सालीं रस्त्यावर ७,३४३ माणसें मेलीं, आणि त्यांपैकीं सुमारें निम्मीं पायीं चालणारीं होतीं. त्या वर्षीं वाहतूकखात्याचे मंत्री झालेले लेस्ली होअर-बेलिशा हे लंडनच्या कॅम्डेन टाऊन भागांत स्वतः रस्ता ओलांडीत असतां एका मोटारीखालीं येतां येतां बचावले. त्यांनीं ओलांडण्याच्या जागीं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब उभे केले. खांबाच्या माथ्यावर नारिंगी गोळा. वृत्तपत्रांनीं थट्टा केली, पोरांनीं कांचेचे गोळे नेम धरून फोडले. परंतु खांबास मंत्र्यांचें नांव चिकटलें तें कायमचें. १९३५ पासून वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा व मोटार हांकणाऱ्याची परीक्षा हींही आलीं. पुढें अनुभवास आलें कीं, कडेचा खांब गाडीवानास पुरेसा दिसत नाहीं. खूण त्याच्या वाटेवरच पाहिजे. तेव्हां १९४९ सालीं प्रयोग करून १९५१ सालीं जमिनीवर पांढरे पट्टे ओढण्यांत आले, व त्यांस झेब्रा हें नांव मिळालें. १९६२ सालीं वॉटर्लू स्टेशनाबाहेर लुकलुकणाऱ्या दिव्यांची एक नवी पद्धत मोठ्या समारंभानें सुरू झाली. पण तिचा अर्थ ना गाडीवानास कळे ना पादचाऱ्यास, म्हणून ती पांच वर्षांतच सोडून द्यावी लागली. कचेरींत स्पष्ट असलेली खूण रस्त्यावर स्पष्ट असतेच असें नाहीं.

आतां मूळ वादाकडे वळूं. १९३५ सालीं अमेरिकेंत सर्व देशाकरितां रस्त्यांवरील खुणांचें एक नियमपुस्तक निघालें व तें वेळोवेळीं सुधारून चालूं आहे. पाटी कोठें लावावी याचीं गमकें त्यांत दिलेलीं असतात. चारी बाजूंच्या गाड्यांनीं थांबावें अशी पाटी लावण्यासाठीं त्याच्या २००९ च्या आवृत्तींत जीं गमकें होतीं, त्यांपैकीं एक असें कीं, अशा पाटीनें टळले असते असे निदान पांच अपघात बारा महिन्यांत नोंदलेले असावे. दुसरें, दर तासास अमुक इतक्या गाड्या जात असाव्या. आणि त्याच पुस्तकांत स्पष्ट बजावलेलें आहे कीं, थांबण्याची पाटी वेग कमी करण्यासाठीं वापरूं नये.

आतां अशा एखाद्या गांवच्या सभेचें चित्र मनापुढें आणा. आळींतली एक आई उठून म्हणते, 'आमच्या कोपऱ्यावर गाड्या भरधांव जातात, पाटी लावा.' इंजिनिअर वही उघडून म्हणतो, 'बाई, गेल्या वर्षांत तेथें एकच अपघात आहे.' ती विचारते, 'म्हणजे आणखी चार होईपर्यंत थांबावयाचें काय ?' सभागृहांत टाळ्या पडतात आणि इंजिनिअर निर्दय ठरतो. परंतु त्याचें म्हणणें ऐकून घेण्यासारखें आहे. ज्या चौकांत आडवी गाडी क्वचितच येते तेथें पाटी लावली, तर गाडीवान चार दिवस थांबतो, पांचव्या दिवशीं नुसता हळू करतो, आणि पुढें तसाच निघून जातो. पाटीचा मान एका कोपऱ्यावर गेला कीं दुसऱ्या कोपऱ्यावरही जातो. शिवाय त्या पाटीच्या भरंवशावर मूल निःशंक पाऊल टाकतें. खोट्या भयापेक्षां खोटा विश्वास अधिक घातक, हें त्याचें म्हणणें कोणासही खोडतां येणार नाहीं.

तरीही त्या आईचा प्रश्न उरतोच. इंजिनिअर जें घडलें तें मोजतो; रहिवाशास जें घडेल त्याचें भय असतें. दारांतून दहा वेळां किंचाळी ऐकूं येते, गाडी करकरून थांबते, मूल वाचतें. यांतली एकही गोष्ट नोंदवहींत जात नाहीं. इतकेंच नव्हे, जो चौक इतका भयंकर कीं तेथून कोणी आपलें मूल एकटें पाठवीतच नाहीं, म्हातारीं माणसें ज्याच्या पलीकडच्या देवळांत जाणें सोडून देतात, त्या चौकाच्या खात्यावर अपघात शून्य! वहीच्या दृष्टीनें तो सर्वांत सुरक्षित. अपघात न होणें आणि सुरक्षित असणें हे दोन निराळे पदार्थ आहेत, आणि हा भेद आळींतल्या माणसास शिकवावा लागत नाहीं.

ही कोंडी फोडण्याचें काम हॉलंडमध्यें झालें, व त्यांत मुलांचा हात मोठा होता. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यावर सुमारें ३,३०० माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. विक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी अशाच अपघातांत गेली होती. त्यानें १९७२ सालीं एका दैनिकांत लेख लिहून मुलांची ही हत्या थांबवा अशी हांक दिली. आणि त्या मथळ्याचेंच नांव घेऊन एक चळवळ उभी राहिली. त्याच सालीं अॅम्स्टरडॅमच्या डे पाइप या दाटीच्या जुन्या वस्तींतील शाळकरी मुलांनीं आपल्या गल्लींत खेळावयास जागा नाहीं म्हणून सह्या गोळा केल्या, रस्ता अडविला, चिडलेल्या मोटारवाल्यांशीं बाचाबाची केली. हा सारा प्रकार एका चित्रपटांत टिपला गेला व देशानें घरोघरीं पाहिला. चळवळींतील माणसें सायकलींवरून पंतप्रधान डेन अयल यांच्या घरीं गेलीं. अपघातांच्या जागा अडवून बसलीं. रस्त्यांत मेजें मांडून शेजाऱ्यांसह जेवलीं. चव्हाटा पुनः चव्हाटा झाला, असेंच म्हणावयाचें.

विशेष हें कीं, या मंडळींनीं केवळ पाटी मागितली नाहीं. कोणती पाटी लावावी हा प्रश्न सोडून, हा रस्ता कोणासाठीं आहे हा प्रश्न त्यांनीं विचारला. डेल्फ्ट शहरांत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक नवी रचना अजमावली जात होती. गल्लींतून सरळ वाट काढून टाकावी, तिला वळणें द्यावीं, मध्यें झाडें व बांक ठेवावे, पदपथ व रस्ता एकाच पातळीवर आणावे. म्हणजे गाडीवानाची इच्छा असली तरी त्यास वेग घेतांच येऊं नये. १९७६ सालीं या रचनेस कायद्याची मान्यता मिळाली. अशा गल्लींत पादचाऱ्यास रस्त्याच्या सबंध रुंदीवर चालण्याचा व मुलांस खेळण्याचा हक्क आहे, आणि मोटारीनें माणसाच्या चालीनें जावयाचें आहे. तिच्या तोंडाशीं जी निळी पाटी असते, तिच्यावर घर, मोठें माणूस आणि चेंडू खेळणारें मूल यांचीं चित्रें आहेत; मोटार आहे, पण ती लहान व मागें.

येथें इंजिनिअरही हरला नाहीं आणि आईही हरली नाहीं. पाटीनें वेग कमी होत नाहीं हें त्याचें म्हणणें मान्य झालें. म्हणूनच वेग कमी करण्याचें काम पाटीकडून काढून रस्त्याच्या बांधणीकडे दिलें गेलें. आणि अपघाताची वाट पाहूं नये हें तिचें म्हणणेंही मान्य झालें. यामागें शास्त्रही साधें आहे : वेग दुप्पट झाला कीं धडकेचा जोर चौपट होतो; जेथें माणूस व मोटार एकत्र यावयाचींच आहेत तेथें वेग उतरविणें हाच खरा उपाय. हॉलंडांत रस्त्यावरील मृत्यूंची संख्या अलीकडे वर्षास सातशेंच्या आसपास आली आहे. तिचें सारें श्रेय त्या गल्ल्यांस देतां येणार नाहीं. सायकलींच्या स्वतंत्र वाटा, डोक्यावरचीं शिरस्त्राणें, पट्टे, कायदे, वैद्यक यांचाही त्यांत भाग आहे. परंतु ज्या दिवशीं रहिवासी व अधिकारी एकाच नकाशावर वांकून पाहूं लागले, त्या दिवसापासून तो देश वळला, एवढें खचित.

आपल्याकडे काय स्थिति आहे ? २०२२ या एका सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, असें सरकारचीच नोंद सांगते. प्रयोग आपल्याकडेही होतात. २०२० सालीं मुंबईंत पोलिसांनीं कांहीं चौकांत अशी युक्ति केली कीं, लाल दिव्यापुढें भोंगे जितके अधिक वाजतील तितका दिवा अधिक वेळ लाल राहावा. आणि त्याच वर्षीं दादर भागांतील चौकांत पादचाऱ्यांच्या दिव्यांवर पुरुषाच्या आकृतीऐवजीं स्त्रीची आकृति झळकली. पहिल्या प्रयोगानें लोक हंसले व क्षणभर गप्प झाले. दुसऱ्यानें, रस्ता ओलांडणारें माणूस कोण असतें याची आठवण दिली. दोन्ही चांगलेच. परंतु दिव्यावरची स्त्री हिरवी झाली म्हणजे खालची स्त्री सुखरूप पलीकडे पोंचते काय, हा प्रश्न तेथेंच उभा आहे. दिवा हिरवा असतांना डावीकडून वळणारी मोटार, पदपथावर चढलेली दुचाकी, पुसून गेलेले पट्टे आणि पट्ट्यांच्याही पुढें येऊन थांबलेली बस, यांच्यांतून वाट काढणाऱ्या माणसास विचारल्याशिवाय त्याचें उत्तर मिळणार नाहीं. आणि तें विचारण्याची चाल आपल्या कचेऱ्यांत अजून नीटशी पडलेली नाहीं.

दोष मात्र एकट्या कचेरीचा नव्हे. आपल्या कोपऱ्यावर पाटी मागणारे आपणच पुढच्या कोपऱ्यावरची पाटी ओलांडून जातों. आपल्या मुलाच्या शाळेपुढें गाड्यांनीं हळू जावें असें वाटणारा बापच दुसऱ्याच्या शाळेपुढून उशीर झाला म्हणून भोंगा वाजवीत जातो. वेस्टमिन्स्टरचा खांब वरून आला, टिपरेरी हिलचा दगडांनीं ठरला, आणि डेल्फ्टची गल्ली दोघांनीं मिळून बांधली. तिसरी वाट सर्वांत लांबची व कंटाळवाणी आहे. तिच्यांत सभा आहेत, नकाशे आहेत, एकमेकांचें ऐकून घेणें आहे. चार वाटा मिळतात तेथें चार माणसांनीं थांबून बोलावें, ही आपल्या चव्हाट्याची मूळ रीत हीच होती. पुढच्या वेळीं आपल्या आळींतील कोपऱ्याविषयीं सभा भरेल, तेव्हां वाचकांपैकीं कोणी तेथें जाऊन बसेल, व घरीं परततांना लाल दिव्यापाशीं, शिपाई नसला तरी, थांबेल, तर या लेखाचा हेतु सफल झाला असें आम्ही समजूं.